मायदेशाचा ठेका

फ्रेडरिक शोपाँ यांनी पॅरिसमध्ये नाव कमावले, पैसा मिळविला, सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यांत मान मिळविला. पण शेवटपर्यंत त्यांच्या बोटांखाली राहिला तो पोलंडच्या शेतकऱ्यांचा नाच. माझुर्का या नावाने त्यांनी पियानोसाठी लिहिलेल्या लहान लहान रचनांची संख्या पन्नासहून अधिक आहे. त्या नाचण्यासाठी नव्हत्या, एकट्याने पियानोवर वाजविण्यासाठी होत्या.

वॉर्साजवळच्या झेलाझोवा वोला या खेड्यात १८१० साली शोपाँ यांचा जन्म झाला. वडील मूळचे फ्रेंच, आई पोलिश. काही महिन्यांतच कुटुंब वॉर्सात आले आणि सातव्या वर्षी मुलाची पहिली रचना छापूनही निघाली. बालकलाकाराचे कौतुक शहराने भरपूर केले. मात्र त्याच्या संगीताची खरी शिदोरी खेड्यात मिळाली. १८२४ आणि १८२५ च्या उन्हाळी सुट्ट्यांत तो शाफार्निया या गावी मित्राच्या घरी राहिला. तेथून घरी लिहिलेली पत्रे त्याने वॉर्सातील एका वर्तमानपत्राची नक्कल करीत, बातम्यांच्या थाटात सजविली. सुगीचा सण आणि खेडुतांची नाचगाणी या काळात त्याने जवळून पाहिली.

हा नाच तीन मात्रांचा. त्याच्या कुळात चपळ माझूर, संथ कुयाव्याक आणि गरगर फिरविणारा ओबेरेक असे प्रकार येतात. पहिल्या मात्रेवर अपेक्षित असलेला जोर त्यात बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतो. सोबतीच्या वाद्याचा एकच सूर आपल्या तंबोऱ्यासारखा खाली घुमत राहतो आणि वरच्या चालीत अधूनमधून तीव्र मध्यम डोकावतो. शोपाँ यांनी हे सारे पियानोत आणले, पण कोणा एका खेड्याची चाल जशीच्या तशी उचलली नाही.

२ नोव्हेंबर १८३० रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी वॉर्सा सोडले. महिना उलटण्याच्या आतच तेथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि पुढच्या वर्षी तो चिरडला गेला. वॉर्सा पडल्याची बातमी त्यांना जर्मनीत, श्टुटगार्ट मुक्कामी कळली. तेथून ते पॅरिसला गेले. पेण-रोह्याचा मुंबईकर चाकरमानी गणपतीला गाडी पकडून गावी पोहोचतो आणि त्याचे पाय ढोलकीचा ठेका पुन्हा ओळखतात. शोपाँ यांना ही वाट बंद झाली. १८३५ साली कार्ल्सबाद येथे आईवडिलांची भेट झाली, ती शेवटचीच.

मोठ्या सभागृहांचा त्यांना तिटकारा होता. उभ्या आयुष्यात त्यांनी जाहीर कार्यक्रम केले ते जेमतेम तीसेक. उपजीविका शिकवण्यांवर चाले. अशाच एका शिकवणीच्या वेळी ऑपेराकार मायरबेअर आले आणि समोर वाजत असलेली माझुर्का दोन मात्रांची असल्याचे सांगू लागले. एरवी सौम्य असणारे शोपाँ भडकले. तीन मात्रा दाखविण्यासाठी त्यांनी स्वतः ती पुन्हा पुन्हा वाजविली, तरी पाहुण्याचे मत बदलले नाही. दुसरे एक पियानोवादक, चार्ल्स हॅले, यांना तर शोपाँ यांच्या वाजविण्यात चार मात्रा ऐकू आल्या. त्या वेळी मात्र शोपाँ हसले आणि हा आपल्या राष्ट्राच्या नाचाचाच गुण असल्याचे त्यांनी मान्य केले. मायरबेअर काही अडाणी नव्हते. कागदावर तीनच मात्रा होत्या. पण एखादी मात्रा किती लांबवायची हे कागदावर कसे लिहिणार?

लेखिका जॉर्ज सांद यांच्याशी असलेला त्यांचा सुमारे नऊ वर्षांचा सहवास १८४७ मध्ये संपला. त्यावर पुस्तके आणि चित्रपट पुष्कळ निघाले आहेत. क्षयाने शरीर पोखरले असतानाही १६ नोव्हेंबर १८४८ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी ते वाजवायला बसले. तो त्यांचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरला. (पोलिश निर्वासितांना पुढे महाराष्ट्रानेही आसरा दिला, दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार जणांची वसाहत उभी राहिली होती.)

१७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची अखेरची रचना म्हणून परंपरेने एका माझुर्काकडेच बोट दाखविले जाते. देह पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत राहिला. हृदय मात्र त्यांच्या इच्छेनुसार थोरली बहीण लुद्विका हिने वॉर्साला नेले. १८६३ च्या उठावात रशियन सैनिकांनी त्यांचा तरुणपणीचा पियानो खिडकीतून रस्त्यावर फेकला. पुढे नाझींनी पोलंडमध्ये त्यांच्या संगीतावरच बंदी घातली. युद्धकाळात चर्चमधून हलविलेले ते हृदय १७ ऑक्टोबर १९४५ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमधील खांबात परत ठेवण्यात आले. त्यांच्या नावाने १९२७ पासून वॉर्सात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत माझुर्का उत्तम वाजविणाऱ्यासाठी वेगळे पारितोषिक असते.