कर्नल साइक्स आणि भीमेचे मासे

बेसा-मानेवाडा रस्त्यावर रविवारी सकाळी मासळी घेऊन बसणाऱ्या एका मावशींच्या टोपलीत पुष्कळदा लांब मिशांचा, करड्या अंगाचा, बिनखवल्यांचा एक मासा असतो. त्याला शिंगाळा म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका मित्राच्या पुस्तकात त्याच माशाचे शास्त्रीय नाव 'स्पेराटा सींघाला' असे छापलेले पाहिले, तेव्हा मी चकित झालो. आपल्या बाजारातला शब्द लॅटिनच्या पंगतीला जाऊन बसला कसा? ही चौकशी करता करता मी एका लष्करी साहेबाच्या चरित्रापर्यंत येऊन पोहोचलो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने माशांवर लिहावे याचे कोणाला हसू येईल. परंतु हा विषय जितका माशांचा, तितकाच शब्दांचाही आहे.

विल्यम हेन्री साइक्स याचा जन्म १७९० सालचा. वयाच्या अवघ्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, १८०३ मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. ज्या वयात आपण शाळेच्या गणिताला घाबरतो, त्या वयात हा पोरगा हिंदुस्थानात लढाया पाहात होता. भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, तीतही तो होता. त्या दिवशी मुळा-मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली, आणि पुढे वर्षभरातच पेशवाई संपली. मराठी वाचकाने हे विसरू नये. ज्याच्याविषयी मी आज आपुलकीने लिहितो आहे, तो आपले राज्य बुडवणाऱ्यांच्या बाजूने उभा होता.

१८२० मध्ये तो युरोपात गेला आणि १८२४ मध्ये परतला, तेव्हा त्याचे काम बदलले होते. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमले. गावे, माणसे, पिके, जमिनीचे हक्क, पाऊस, हवेचा दाब अशी मोजण्याजोगी प्रत्येक गोष्ट त्याने मोजली. वेरूळच्या लेण्यांवर त्याने आधीच लिहिले होते. आता पशुपक्षीही त्याच्या वहीत येऊ लागले. आपल्या कोळसुंद्याचे, म्हणजे रानकुत्र्याचे, शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ मध्ये केले; माळरानावरच्या एका चंडोलाला तर आजही त्याच्याच नावाने ओळखतात. १८२९ मध्ये हे पद रद्द झाले, तरी हाती घेतलेले काम पुरे करूनच १८३१ मध्ये तो मायदेशी गेला.

आता माशांकडे येतो. इंग्रज माणसाला मासेमारीचे वेड मोठे. सामन आणि ट्राउट हे त्याचे मानाचे मासे. स्कॉटलंडच्या विस्तीर्ण सरोवरांवर गळ टाकायला जायचे, तर वल्ही मारणारा आणि मासा कोठे दडतो ते दाखवणारा स्थानिक वाटाड्या सोबत लागतो. अमेरिकेच्या मिशिगन सरोवरात १९६६ पासून पॅसिफिक महासागराकडचे सामन मुद्दाम सोडले गेले, आणि पैसे घेऊन हौशी लोकांना मासेमारीला नेणाऱ्या बोटींचा तेथे मोठा धंदा झाला. या खेळात गळ साहेबाचा असतो, पण पाण्याची विद्या वाटाड्याची असते. मासा हाती लागला की फोटो मात्र साहेबाचा निघतो.

साइक्सने दख्खनच्या पाण्यात जे केले, ते याहून निराळे होते आणि नव्हतेही. त्याने मासे मापून काढले, त्यांची चित्रे तयार करवली. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने चित्रांसह प्रसिद्ध केला. त्यात सेहेचाळीस जाती आहेत, आणि त्यांतील बहुतेक शास्त्राला तोवर अज्ञात होत्या. अज्ञात म्हणजे लंडनला अज्ञात! भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या काठच्या कोळ्या-भोयांना त्या पिढ्यान् पिढ्या माहीत होत्या, आणि प्रत्येकीला त्यांच्याजवळ नाव होते. साइक्सची थोरवी मला येथे वाटते. ही मराठी नावे त्याने टाकून दिली नाहीत. लॅटिनची शेपटीही न लावता ती तशीच शास्त्रात नेऊन बसवली. नाकाडावर खोल खाच असलेल्या माशाला आपले लोक नकटा म्हणत. तो शास्त्रात 'नुक्ता' झाला. पाण्याबाहेर काढताच काट्याच्या घर्षणाने आवाज करणाऱ्या मिशाळ माशांच्या कुळातला घोगरा 'गोग्रा' झाला. कुतरणी 'कुतुर्नी' झाली, शिंगाळा 'सींघाला' झाला. मुळा-मुठेतला महासीर 'खुद्री' झाला.

पण याच निबंधात दुसरीही एक गोष्ट दिसते, आणि ती मला खुपते. काही माशांना त्याने माणसांची नावे दिली आहेत. ती नावे यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स आणि चिल्ड्रन यांची, म्हणजे सारी विलायतेतल्या विद्वान मंडळींची. भीमेच्या डोहात ज्यांनी जाळे टाकले, त्यांचा शब्द लॅटिनमध्ये गेला. त्यांच्यातल्या एकाचेही नाव गेले नाही. दख्खनच्या माणशी शिरगणतीचे आकडे जुळवणाऱ्या या माणसाला मासे दाखवणारी चार नावे लिहून ठेवणे जड गेले नसते. काळच तसा होता, असे आमचे एक प्राध्यापक म्हणाले. असेल, तरी माझे समाधान होत नाही.

पुढे त्याच्या वाट्याला मानमरातब भरपूर आले. तो १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला, १८४० मध्ये कंपनीचा संचालक झाला आणि पुढे तिचा अध्यक्ष. १८५७ पासून अखेरपर्यंत तो अ‍ॅबर्डीनतर्फे पार्लमेंटात होता. १६ जून १८७२ रोजी तो वारला. दुसऱ्याच वर्षी थॉमस नावाच्या मद्रासकडील एका अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले आणि महासीर सामनच्या तोडीचा ठरवला. तेव्हापासून साहेबलोक खुद्रीच्या भाऊबंदांमागे नदीनदीला फिरू लागले.

खुद्रीची पुढची कथा मोठी विलक्षण आहे. ज्या मुळेच्या काठी साइक्स लढला, तिच्यावर टाटांनी मुळशीला धरण बांधले; सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याच धरणाविरुद्ध होता. नद्यांची मोठमोठी सरोवरे झाली, तेव्हा महासीराची अंडी घालण्याची वाट बंद होऊ लागली. १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या तलावावर मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी खुद्रीची कृत्रिम पैदास साधली, आणि तेथून तिची पिले अनेक राज्यांत गेली. कावेरीत सोडलेल्या खुद्रीने मात्र तिथल्या मूळच्या कुबडाच्या महासीराला मागे रेटले. तो मासा शिकाऱ्यांमध्ये शंभराहून अधिक वर्षे प्रसिद्ध होता. पण त्याचे शास्त्रीय नाव कोणते, हे ठरायला २०१८ साल उजाडले.

साइक्सच्या पुष्कळ माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे एखाद्या जातीविषयी वाद निघाला, की संशोधकांना त्याची चित्रे घेऊन पुन्हा भीमेच्या खोऱ्यातच यावे लागते, आणि नाव जुळते का ते पाहावे लागते. भीमेवर आता उजनीचे अफाट पाणी पसरले आहे. भिगवणचे मासेमार हिवाळ्यात पाहुण्यांना होडीत घालून रोहित पक्षी दाखवायला नेतात. त्यांच्या जाळ्यात परदेशातून आलेला तिलापिया विपुल येतो. नकटा मात्र नष्ट होऊ लागलेल्या जातींच्या यादीत जाऊन बसला आहे.