कर्मवीरांच्या संस्थेतला मास्तर

२२ सप्टेंबर आला की कर्मवीर भाऊराव पाटलांच्या फोटोला हार घालणारे शिक्षणसम्राट आम्ही कोल्हापुरात दरवर्षी पाहतो. त्यांच्या मागे हात बांधून उभा असलेला प्राध्यापक संस्थेच्या कारभारात कुठे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून कर्मवीरांच्या चरित्रातली ही बाजू आज आम्ही सांगत आहोत.

भाऊराव १८८७ साली याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मले. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर विटाळ धुण्यासाठी आंघोळीचा हुकूम झाला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि बोर्डिंगला मुकले. आधार दिला तो राजर्षी शाहू छत्रपतींनी. पुढे १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली साताऱ्याला आली. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान पोरे एका पंगतीत जेवू लागली. त्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

कमी सांगितले जाते ते पुढचे. भाऊरावांनी आजीव सेवक तयार केले. शिक्षकाने तुटपुंज्या पगारावर संस्थेला आयुष्य वाहायचे आणि त्याच शिक्षकाने मंडळात बसून कारभारही पाहायचा. घरचा माणूस पुढे कारभारात आलाच नाही असे नाही, पण मास्तर निव्वळ नोकर राहिला नाही. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, नंतर आपल्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

अमेरिकेत काळ्या समाजाच्या टस्कीगी संस्थेचा कारभार बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून १९१५ मध्ये मरेपर्यंत एकहाती चालवला. काम डोंगराएवढे, पण शब्द त्यांचाच अखेरचा. तेही गुलामीतून वर आलेले, पोटतिडकीचे गृहस्थ. तरीही मास्तरांना विश्वासात घेणे त्यांना जमले नाही. भाऊरावांचे मोठेपण आम्हाला इथे दिसते.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीवर तीन शिक्षक निवडून देण्याचा हक्क दिला. अध्यक्ष मात्र संस्थाचालकच, नाहीतर त्यांनी नेमलेला. त्या तिघांपैकी कितीजण बैठकीत तोंड उघडतात, हे आमच्या प्राध्यापक बांधवांनीच सांगावे.