टेंबे स्वामींच्या दत्तकथेत मद्य कुठून आले?

नृसिंहवाडीत मनोहर पादुकांपुढे पेढे ठेवले जातात; मद्याचा विचारही तिथे कुणाच्या मनात येत नाही. तरीही दत्तात्रेयांची पुराणातली कथा मद्यपात्राशिवाय पूर्ण होत नाही. ती ‘दत्तमाहात्म्या’तून मराठी ओवीत आणली वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामींनी. आचारात तसूभरही सूट न देणारे हे संन्यासी.

त्यांचा जन्म १८५४ मध्ये सावंतवाडीजवळच्या माणगावात झाला. गावाच्या राखणदार देवचाराला रोट आणि दारू ठेवण्याची रीत असलेला हा मुलूख. वेदाध्ययन आणि ज्योतिष शिकलेल्या वासुदेवशास्त्रींना मात्र वाडीची ओढ लागली. तिथे गोविंदस्वामींचा उपदेश मिळाला. माणगावात दत्तमंदिर उभे राहिले, पण काही वर्षांतच त्यांनी गाव सोडले. १८९१ मध्ये गंगाखेडला पत्नी अन्नपूर्णाबाईंचे निधन झाले आणि पाठोपाठ त्यांनी संन्यास घेतला. दंड मिळाला तो उज्जैनला. कालभैरवाला आजही मद्याचा नैवेद्य दाखवणारे हेच नगर. पुढची वर्षे भिक्षेवर आणि पायी भारतभ्रमणात गेली.

मूळ प्रसंग मार्कंडेय पुराणातला. मुनिकुमारांचा गराडा चुकवण्यासाठी दत्तात्रेय सरोवरात बुडून राहतात. ती मुले काठावरून हलत नाहीत, तेव्हा ते एका स्त्रीसह मद्यपान करू लागतात. जंभ दैत्याने हरवलेले देव शरण येतात, तेव्हाही आपण मद्यासक्त आणि अपवित्र असल्याचे सांगून ते त्यांना टाळू पाहतात. देव मागे फिरत नाहीत. कार्तवीर्य अर्जुन तर अशा अवस्थेतल्या दत्तांची सेवा करतो आणि हजार बाहूंचे वरदान मिळवतो. इथे मद्य ही चाळणी आहे: बाहेरचे रूप पाहून किळस येणारा गळून पडतो.

यातून ‘देव पितो, मग आपण का नको’ असा सोयीचा अर्थ काढणे सोपे. वैदिक सौत्रामणी यज्ञात सुरा होती, हेही खरे. पण धर्मशास्त्राने सुरापान पाच महापातकांत घातले आणि स्वामींचे आचरण त्याच शास्त्राला धरून होते. देवाची लीला आणि माणसाचा आचार यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

१९०५ मध्ये वाडीतच त्यांनी ‘करुणात्रिपदी’ रचली. दत्तस्थानांत ती आजही गायली जाते. १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला त्यांनी देह ठेवला. हे गाव आज दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये येते.