प्लेगशी झुंजणारा शास्त्रज्ञ : वाल्डेमार हाफकिन

मुंबईस परळच्या रस्त्याने जाताना हाफकिन संस्थेची पाटी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दृष्टीस पडली असेल. परंतु ज्या पुरुषाचे नाव ती संस्था धारण करते तो कोण, कोठला, आणि आपल्या देशाशी त्याचा संबंध कसा जडला, असे विचारले असता उत्तर देणारे विद्यार्थी थोडेच निघतील. ज्याच्या श्रमांमुळे आमच्या पणजोबा-पणज्यांपैकी कित्येकांचे प्राण वाचले, त्याची एवढीही ओळख आपणांस नसावी हे बरे नव्हे, असे वाटून त्याचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी ते शहर रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. ओडेसाच्या विश्वविद्यालयात त्यांना प्राणिशास्त्राचे थोर पंडित मेच्निकॉव्ह हे गुरू लाभले. झारच्या राज्यात ज्यू लोकांचा छळ नित्याचा होता. १८८१ साली त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या लोकांच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे सरसावले. त्यांना अटक झाली आणि गुरूंच्या खटपटीने त्यांची सुटका झाली. पुढे त्यांची विद्वत्ता सर्वमान्य झाली, तरी प्राध्यापकाची जागा हवी असल्यास रशियन चर्चचा स्वीकार केला पाहिजे अशी अट त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. हाफकिन यांनी ती अट नाकारली. आमची शाळा ख्रिस्ती संस्थेची आहे. तथापि लाभासाठी धर्म बदलण्यापेक्षा सद्सद्विवेकबुद्धीस जागणारा मनुष्य आम्हांस अधिक वंद्य वाटतो, हे येथे नमूद केल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

१८८८ साली त्यांनी मायभूमीचा निरोप घेतला. काही काळ जिनीव्हात काढून १८८९ मध्ये ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. प्रथम तेथे ग्रंथपालाची जागा तेवढी मोकळी होती. तीही त्यांनी आनंदाने पत्करली आणि मोकळ्या वेळात प्रयोग चालविले. पटकीच्या जंतूंपासून प्रतिबंधक लस तयार करण्याचा त्यांचा उद्योग होता. ती साधली तेव्हा ती माणसास निर्धोक आहे की नाही हे कळावे कसे? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण अपाय झाला नाही.

त्या काळी पटकीचे घर म्हणजे बंगाल. म्हणून १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्यास आले. लोक प्रथम भीत व संशय घेत. हाफकिन बळजबरीच्या विरुद्ध होते. स्वखुशीने येईल त्यालाच ते लस टोचीत. त्यांची आणखी एक शिस्त विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. एकाच घरात, एकच पाणी पिणाऱ्या माणसांत, टोचलेले किती आजारी पडले व न टोचलेले किती, याची ते काटेकोर नोंद ठेवीत. औषधाचा गुण वैद्याच्या विश्वासावर न ठरविता अशा तुलनेवर ठरवावा, हे तत्त्व आज सर्व वैद्यकशास्त्राचा पाया झाले आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला. गोव्यात जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. पाहता पाहता नगरी ओस पडू लागली. पुण्यात साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांना हाच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या काळाची भीषणता एवढ्यावरून वाचकांच्या लक्षात यावी.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबरात मुंबईस बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच त्यांचा सरंजाम. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागे. येथील लोकांच्या धर्मभावना जाणून त्यांनी तो बकऱ्याच्या मांसाचा केला. त्यावर ते तुपाचा पातळ थर तरंगत ठेवीत. या थराला लोंबत जंतूंचे बारीक बारीक झुबके वाढत. भांडे हलविले की ते खाली पडत आणि नवे वाढू लागत. कित्येक आठवड्यांनी हा रस तापवून जंतू मारीत. असे मृत जंतू शरीरात शिरले असता रोग होत नाही, परंतु शरीर त्यांच्याशी लढण्यास शिकते आणि पुढे खरा शत्रू आला तर सज्ज असते. हीच ती लस.

अवघ्या तीन महिन्यांत ती सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी, पुढे इतरांस देण्यात आलेल्या मात्रेहून पुष्कळ मोठी मात्रा त्यांनी स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि टोचलेल्यांची स्थिती इतरांहून पुष्कळ चांगली राहिली. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली व प्रयोगशाळेसाठी आपली इमारत दिली. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. लस सर्वस्वी अचूक नव्हती. तिचा प्रभाव काही महिनेच टिके आणि टोचल्यावर तापही येई. तरीही तिने रोग व मृत्यू यांचे प्रमाण खूप घटविले.

आता या चरित्रातील दुःखद भागाकडे वळू. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी मंडळाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर भिस्त ठेवली होती, ही त्यांची चूक ठरविण्यात आली. ते डॉक्टरकीची पदवी घेतलेले नव्हते, शिवाय परदेशी. त्यांची बाजू घेणारे थोडेच निघाले. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि ज्या हातांनी सहस्रावधी लोक वाचविले त्यांवर १९ जणांच्या मृत्यूचा डाग बसला.

हाफकिन यांनी कोणास दूषणे दिली नाहीत. इंग्लंडात जाऊन त्यांनी पुराव्याचा एकेक धागा तपासून घेण्याचा आग्रह धरला. तेव्हा दिसून आले की, मलकोवालात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण शाळेतही शिकतो. शिवाय हे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर तिला दुर्गंधी सुटली असती, तशी ती आलेली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेतील तज्ज्ञांनी पुरावा पुन्हा पाहिला. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली वृत्तपत्रातून उघडपणे न्यायाची मागणी केली. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण कलकत्त्यास. परळच्या स्वतः उभारलेल्या प्रयोगशाळेचा कारभार त्यांच्या हाती परत आला नाही. गेलेली वर्षे तर कोणीच परत देऊ शकत नव्हते.

निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. आजन्म अविवाहित राहिलेल्या या पुरुषाने आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली आणि १९३० च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे देह ठेवला. त्याआधी १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले.

उंदरांवरील पिसवा प्लेग पसरवितात, हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले. आणि आज वेळीच दिलेल्या प्रतिजैविक औषधांनी हा रोग बरा होतो. तेव्हा हाफकिन यांची लस आता जुनी झाली, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण त्यांचा वसा जुना झालेला नाही. धोका आधी आपल्या अंगावर घ्यावा, मग दुसऱ्यास सांगावे. आणि दोष आला तर आरडाओरड न करता सत्याचा शोध घ्यावा, हाच तो वसा. जमिनीवर पडलेला एक चिमटा पुसून पुन्हा वापरण्याचा आळस केवढा महाग पडतो, हे आमच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करताना विसरू नये. तसेच, पुरावा पुरता पाहिल्याखेरीज कोणावरही दोष ठेवू नये, ही गोष्ट आम्ही वडीलधाऱ्यांनीही ध्यानात बाळगावी, अशी आमची नम्र विनंती आहे.