बाळ ज. पंडित : सीमेपलीकडून येणारा आवाज

बेळगाव : बाळ ज. पंडित यांचं नाव काढलं की सीमाभागातल्या जुन्या मंडळींना खरखरणारा रेडिओ आठवतो.

२४ जुलै १९२९ रोजी जन्मलेले पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळले. पण घराघरांत पोचले ते आकाशवाणीवरच्या मराठी समालोचनामुळं. कॉमेंट्री म्हटली की इंग्रजीच, असा तो जमाना. षटक, धावचीत, यष्टिरक्षक असे शब्द पंडितांच्या तोंडून इतक्या सहज यायचे की इंग्रजीचा गंध नसलेल्यालाही मॅच समजायची. गावसकरांचं ‘सनी डेज’ त्यांनीच मराठीत आणलं.

१९५६ मध्ये बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. कचेरीतली भाषा बदलली. रेडिओच्या लहरींना मात्र कुणी अडवू शकलं नाही. ट्रान्झिस्टर एकाच्या हातात आणि भोवती दहाजण कान देऊन, असं चित्र गल्लोगल्ली दिसायचं. स्कोअर सांगता सांगता तो आवाज मराठीही जपत होता.

१७ सप्टेंबर २०१५ रोजी पंडित गेले. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याच्या कितीतरी आधी, मॅचच्या दिवसापुरती का होईना, पुणे आणि निपाणी एकाच आवाजाला कान लावून बसायची.