जॉनी वॉकर : हसवणाऱ्याला थोर म्हणावे काय?

वाचकहो, सिनेमातल्या नटाला थोर म्हणावे की नाही, हा वाद आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी होतो. मुले म्हणतात, का म्हणू नये? वडीलधारी मंडळी म्हणतात, थोर म्हणावे ते आलिमाला, गुरुजींना, डॉक्टरला. नाचणाऱ्या-गाणाऱ्याला थोर म्हणू लागलो तर मुलांनी पुस्तक हातात धरावे कशाला? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच या स्मरणिकेत एका नटाचे चरित्र तुमच्यापुढे ठेवत आहे. नट नायकाची कामे करणारा नव्हे, लोकांना हसवणारा. त्यांचे पडद्यावरचे नाव जॉनी वॉकर. घरचे नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. त्यांना थोर म्हणायचे की नाही, ते सगळे वाचून तुम्हीच ठरवावे. माझे मत मी शेवटी सांगेन.

आपल्या पिंपळगाव बसवंतवरून मुंबई–आग्रा महामार्ग जातो. कांद्याचे, टोमॅटोचे, द्राक्षांचे ट्रक या रस्त्याने रात्रंदिवस धावताना तुम्ही पाहता. याच रस्त्याने वर गेले की मालेगाव, धुळे ओलांडून इंदूर लागते आणि खाली गेले की नाशिक, कसारा घाट, ठाणे आणि मुंबई. जॉनी वॉकर यांच्या आयुष्यातली दोन शहरे हीच. जन्म इंदूरचा, रोजी आणि कीर्ती मुंबईची.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंदूरच्या एका गिरणी कामगाराच्या घरी बद्रुद्दीनचा जन्म झाला. दहा भावंडांत त्यांचा नंबर दुसरा. हातावर पोट असलेले घर, त्यात वडिलांचे गिरणीतले काम सुटले. कुटुंब चरितार्थासाठी मुंबईला आले. मुलाची शाळा सहावीतच सुटली आणि एवढ्या मोठ्या संसाराचा भार त्या कोवळ्या खांद्यांवर आला. मिळेल ते काम त्यांनी केले. पुढे मुंबईच्या बेस्ट कंपनीच्या बसवर त्यांना कंडक्टरची नोकरी लागली.

विद्यार्थी मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. गळ्यात तिकिटांची पेटी अडकवून, भरल्या बसमध्ये वाट काढत दिवसभर उभ्याने करायचे हे काम. या कामाने माणूस एक तर चिडका होतो किंवा माणसे ओळखायला शिकतो. बद्रुद्दीन माणसे ओळखायला शिकले. गिरणीचा कामगार, फोर्टातला कारकून, पारशी बावाजी, गुजराथी शेटजी, कोळीण, पहिलवान, पिऊन झोकांड्या खाणारा उतारू, सगळे त्यांच्या बसमधून जात. त्या काळचे विनोदी नट नूर मोहंमद चार्ली यांच्यावर त्यांचा मोठा जीव होता. थांब्यांची नावे पुकारताना, तिकिटे फाडताना ते नकला करीत आणि उतारूंना हसवीत. कोणी सिनेमावाला बसमध्ये बसला असेल तर त्याची नजर आपल्यावर पडावी, ही आशा मनात होतीच. मधूनमधून चित्रपटांत गर्दीत उभे राहण्याची लहानसहान कामेही त्यांना मिळत.

ती नजर अखेर पडली. अभिनेते बलराज साहनी तेव्हा ‘बाजी’ या चित्रपटाची कथा लिहीत होते. या तरुणाचे गुण त्यांनी हेरले आणि दिग्दर्शक गुरुदत्त यांच्यापुढे जाऊन दारुड्याचे सोंग करून दाखवायला सांगितले. सोंग असे हुबेहूब वठले की ‘बाजी’त काम मिळाले. चित्रपट 1951 साली आला. गुरुदत्त यांनीच या नव्या नटाला एका प्रसिद्ध विलायती दारूचे नाव दिले आणि बद्रुद्दीन काझी साऱ्या हिंदुस्थानचे जॉनी वॉकर झाले.

आता तुमच्या मनात जी शंका आली असेल ती मी मोकळेपणाने मांडतो. काझी घराण्याचा मुलगा, आणि नाव दारूचे! प्रसिद्धीही मिळाली ती झिंगलेल्या माणसाची नक्कल करून! याला थोर कसे म्हणावे? पण गंमत अशी, की या माणसाने आयुष्यात दारूचा थेंबही घेतला नाही, असे ते स्वतः सांगत असत. पडद्यावर त्यांच्याइतका पक्का दारुडा दुसऱ्या कोणी क्वचितच उभा केला असेल आणि घरी मात्र बाटलीला हात नाही. आजूबाजूला पैसा आणि मैफली असताना पन्नास वर्षे असे राहणे सोपे नाही. नाव दुसऱ्याने दिले होते. वागणूक त्यांची स्वतःची होती.

तरीही त्या आक्षेपात थोडे वजन आहे, हे नाकारू नये. दारुड्याला पाहून थिएटर हसते तेव्हा त्याच थिएटरात अशीही एखादी बाई बसलेली असते, जिच्या घरी ते हसण्यावारी नेण्यासारखे नसते. जॉनी वॉकर यांच्या कलेची ही एक मर्यादा मानावी लागेल. मुलांनी त्यांची नक्कल जरूर करावी, पण त्यांनी ज्याची नक्कल केली त्याचे अनुकरण करू नये.

पुढची दहा-पंधरा वर्षे त्यांची होती. ‘आरपार’, ‘टॅक्सी ड्रायव्हर’, ‘मिस्टर अँड मिसेस 55’, ‘सी.आय.डी.’, ‘नया दौर’, ‘प्यासा’, ‘मधुमती’, ‘कागज के फूल’, ‘चौदहवीं का चाँद’, ‘मेरे महबूब’ अशी ही रांग. त्यांच्यावर एक तरी गाणे असावे असा चित्रपट विकत घेणाऱ्या वितरकांचा आग्रह असे. मोहंमद रफी त्यांच्यासाठी गाताना आवाजाचा बाज असा बदलीत की जॉनी वॉकर स्वतःच गात आहेत असे वाटावे. 1957 मध्ये तर ‘जॉनी वॉकर’ याच नावाचा चित्रपट निघाला. विनोदी नटाच्या नावाने चित्रपट निघावा आणि त्या नावावर तिकिटे खपावीत, ही काही लहान गोष्ट नव्हे. ‘मधुमती’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचे आणि पुढे 1968 च्या ‘शिकार’साठी विनोदी भूमिकेचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

पण पारितोषिके आणि गल्ला ही थोरपणाची कसोटी नव्हे. तुम्ही ‘प्यासा’ पाहिला नसेल तर एकदा पाहा. 1957 चा हा चित्रपट. त्यातला कवी विजय गरीब असताना सख्खे भाऊ त्याला घरात घेत नाहीत. तो मेला असे समजून त्याची पुस्तके खपू लागतात आणि तो जिवंत परत येतो, तेव्हा पैशाच्या लोभाने भाऊ, मित्र आणि प्रकाशक त्याला ओळख देत नाहीत. त्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबले जाते. तेथून त्याला सोडवायला धावतो कोण? डोक्याला तेलमालिश करून पोट भरणारा अब्दुल सत्तार. ही भूमिका जॉनी वॉकर यांची. सगळ्या चित्रपटात हसवत आलेला हा फाटका माणूस शेवटी शिकल्यासवरल्या, प्रतिष्ठित मंडळींपेक्षा माणुसकीत उंच ठरतो. त्यासाठी त्यांनी ना छाती बडवली ना मोठे भाषण केले. मालिशवाला शेवटपर्यंत मालिशवालाच राहिला. कष्टकरी माणसाला हास्यास्पद न करता हसू निर्माण करणे, हे त्यांचे खरे कसब होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘आरपार’मध्ये ते रुस्तम आहेत, ‘मधुमती’मध्ये चरणदास, ‘प्यासा’मध्ये अब्दुल सत्तार, 1971 च्या ‘आनंद’मध्ये इसाभाई सुरतवाला आणि 1997 च्या ‘चाची 420’मध्ये जोसेफ. पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांच्या घरचा माणूस त्यांनी उभा केला आणि कोणाच्याही धर्माची, भाषेची टवाळी केली नाही. बसच्या एकाच बाकावर सर्वांना बसवणाऱ्या कंडक्टरची सवय पडद्यावरही कायम राहिली. ‘आनंद’मध्ये तर मरणाच्या दारी उभ्या असलेल्या मित्रासाठी हसतमुख राहू पाहणाऱ्या इसाभाईचे डोळे भरून येतात, तेव्हा हसवणाऱ्याला रडवताही येते हे कळून चुकते.

त्यांना एका गोष्टीचा विशेष अभिमान होता. सुमारे तीनशे चित्रपटांत कामे करूनही सेन्सॉरने आपली एक ओळदेखील कापली नाही, असे ते सांगत. प्रेक्षक बायकामुलांना घेऊन येतो, त्याला मान खाली घालावी लागता कामा नये, ही त्यांची धारणा होती. 1964 मध्ये गुरुदत्त वारले आणि त्यांचा मोठा आधार गेला. विनोदाचे स्वरूप पुढे बदलत गेले. अंगविक्षेप आणि दुहेरी अर्थाची वाक्ये यांना मागणी आली. त्या वाटेने जाऊन आणखी वीस वर्षे पैसा मिळवता आला असता. त्यांनी कामे कमी केली आणि बाजूला झाले. पुढे बऱ्याच वर्षांनी ‘चाची 420’मध्ये दिसले तेवढेच. 29 जुलै 2003 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कलेला सीमा होत्या, हेही सांगितले पाहिजे. बलराज साहनी शेतकरी झाले, रिक्षा ओढणारे झाले, आणि दर वेळी निराळे दिसले. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत काही काळ शिकलेले युसूफ खान, म्हणजे दिलीपकुमार, एकेका भूमिकेसाठी स्वतःला विसरत. जॉनी वॉकर यांचा आवाज, चाल आणि मिशी बहुतेक चित्रपटांत तीच असे. या अर्थाने त्यांचा पल्ला त्या दोघांइतका लांब नव्हता. पण विहिरीची रुंदी कमी असली तरी पाणी गोड असू शकते.

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र या स्मरणिकेत द्यावेसे वाटले ती सांगतो. आपल्या गावातला एखादा मुलगा सहावी-सातवीत शाळा सोडतो. कोणी गॅरेजवर लागतो, कोणी मार्केट यार्डात, कोणी ट्रकवर क्लीनर म्हणून. घरची अडचण असते, हे खरे. पण कधीकधी मुलगाच उलट विचारतो, जॉनी वॉकरही सहावी शिकले होते, त्यांचे काय अडले? या प्रश्नाचे उत्तर आपण देण्याचे कारण नाही. ते उत्तर खुद्द जॉनी वॉकर यांनी देऊन ठेवले आहे. शाळा सुटल्याची खंत त्यांना जन्मभर राहिली. नाव झाले, पैसा आला, सारा देश ओळखू लागला. तरी ती खंत गेली नाही. म्हणून हाती पैसा येताच त्यांनी आपल्या मुलग्यांना शिकायला थेट अमेरिकेला पाठवले. मला शाळेवाचून जमले, तुम्हांलाही जमेल, असे त्यांनी मुलांना सांगितले नाही. शाळेवाचून मोठा झालेला माणूसच शाळेची किंमत एवढी लावतो, यातच सारे आले.

पालक बंधू-भगिनींनो, हिशेब तुम्हीच करा. बसवर तिकिटे फाडणारे कंडक्टर त्या काळी मुंबईत किती असतील? त्यांतला एक जॉनी वॉकर झाला. बाकीच्यांच्या घरी कष्ट तसेच राहिले. नशिबाची ती एक खिडकी उघडी राहील या भरवशावर मुलाची शाळा बंद करणे शहाणपणाचे नाही. शाळेचा दरवाजा मात्र सर्वांसाठी उघडा आहे. त्यातून जायला बलराज साहनींची नजर पडावी लागत नाही. आणि हा दरवाजा मुलीलाही तितकाच मोकळा असू द्या. त्या पिढीने मुलग्यांसाठी जे केले ते आपल्या पिढीने मुलगा-मुलगी असा भेद न करता केले, तरच आपण एक पाऊल पुढे गेलो असे होईल. इल्म मिळवणे आपल्या दीनने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, हे नव्याने सांगायला नको.

आता माझे मत. जॉनी वॉकर यांना मी थोर म्हणतो, मात्र पोस्टरवरच्या नावासाठी किंवा तीनशे चित्रपटांच्या आकड्यासाठी नव्हे. दहा भावंडांचे घर त्यांनी कष्टाने चालवले. दारुड्याचे सोंग घेऊन ते दारूपासून दूर राहिले. गरिबाला पडद्यावर हसरा दाखवला, पण त्याची शोभा केली नाही. हातातून धंदा जाऊ दिला, पण घाणेरडा विनोद केला नाही. आणि स्वतःला जे मिळाले नाही ते मुलांना मिळवून दिले. यांतल्या पहिल्या गोष्टीपासून शेवटच्या गोष्टीपर्यंत एकीलाही अभिनय लागत नाही. ती तुमच्या-माझ्या आवाक्यातली आहेत.

तेव्हा मुलांनो, जॉनी वॉकर यांचे जुने चित्रपट जरूर पाहा आणि पोटभर हसा. पाहून झाले की दप्तर उघडा. शाळा सोडावी असा विचार मनात आला, किंवा घरात तसा विषय निघाला, तर आधी आपल्या गुरुजींना भेटा. फी, पुस्तके, गणवेश यांपैकी कशासाठी अडले आहे ते सांगायला लाजू नका. शिक्षण संस्था असते ती त्याचसाठी. अल्लाह मरहूम बद्रुद्दीन काझी यांना मगफिरत देवो आणि आपल्या मुलामुलींचे शिक्षण पूर्णत्वास नेवो, आमीन.