सिलिकॉनचा डोळा घडवणाऱ्या मिशा महोवाल्ड

खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मुलाचा मोबाईलने फोटो काढून बघा. बऱ्याचदा चेहरा काळपट येतो. आपल्या डोळ्यांना मात्र बाहेरचं झाडही दिसतं आणि मुलाचं हसूही. डोळ्याची ही करामत चिपवर उतरवणाऱ्या संशोधिका म्हणजे मिशा महोवाल्ड. (नाव ऐकून वर्गात हशा पिकेल, पिकू द्या! मूळ नाव मिशेल.)

त्यांचा जन्म 1963 साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात झाला. कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेतून 1985 मध्ये त्यांनी जीवशास्त्राची पदवी घेतली. पुढे तिथेच, चिपच्या क्षेत्रातले मोठे नाव असलेल्या कार्व्हर मीड यांच्या हाताखाली संशोधन सुरू केले. जीवशास्त्राची मुलगी इलेक्ट्रॉनिक्समध्ये काय करणार, असं आपल्याकडे कोणीतरी नक्की म्हटलं असतं. पण तिथे त्यांचं जीवशास्त्रच कामी आलं.

साधा कॅमेरा प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडला ते मोजतो. डोळ्याचा पडदा तसं करत नाही. तिथल्या काही पेशी उजेड टिपतात, काही पेशी आजूबाजूच्या उजेडाची सरासरी काढतात आणि आणखी काही पेशी या दोन्हींतला फरक पुढे पाठवतात. महोवाल्ड यांनी हीच रचना ट्रान्झिस्टर वापरून उभी केली. हाच तो सिलिकॉन रेटिना. गंमत म्हणजे आपला डोळा जिथे फसतो, तिथे ही चिपही फसायची! एकच करडा चौकोन काळ्या कागदावर उजळ आणि पांढऱ्यावर गडद वाटतो ना, अगदी तसंच. मला तर त्यांच्या यशाची हीच खरी खूण वाटते. वर्गात करून बघा, रंगीत कागद आणि कात्री पुरते.

1991 साली सायंटिफिक अमेरिकन मासिकात या चिपवर मीड यांच्यासोबत त्यांचा लेख आला, 1992 मध्ये पीएचडी झाली. दोन डोळ्यांमुळे अंतर कसं कळतं, यावरही त्यांनी चिप बनवली. नंतर ऑक्सफर्ड आणि तिथून झुरिक.

1996 च्या अखेरीस झुरिकमध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय अवघं 33. लहान मुलांना त्या लवकर गेल्या एवढंच सांगावं. मोठ्या मुलांनी विचारलं तर विषय टाळू नये, शांतपणे बोलावं.

आज फक्त बदल टिपणारे कॅमेरे मिळतात. समोर काही हललं नाही तर ते जवळपास काहीच पाठवत नाहीत. त्यांच्यात संकेत पाठवण्याची जी पद्धत वापरतात, ती घडवण्यात महोवाल्ड यांचा वाटा होता.